मोबाइल काढून घेतल्यावर पुढे काय?

मुलाची मान दुखते, तर मोबाइल. डोकं दुखतं, भूक लागत नाही, चष्म्याचा नंबर वाढला, वजन वाढलं, तरी मोबाइल, आणि मोबाइलमधला तो गेम. हे निदान आता डॉक्टरकडे जाण्याआधी घरातच होतं आणि उपायही ठरलेला असतो: फोन काढून घ्या. बीजीएमआय किंवा फ्री फायर तासन्‌तास खेळणाऱ्या मुलाच्या शरीरावर परिणाम होतो, याबद्दल मला शंका नाही. माझा वाद या निदानाशी आहे. ते अर्धवट आहे, आणि अर्धवट निदानावरचं औषध अंगी लागत नाही.

डोळ्यांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठी भीती तिथली आहे. गेममुळे मुलांना जाड भिंगांचे चष्मे लागतात, असं सर्रास म्हटलं जातं. तैवान आणि सिंगापूरमधल्या शाळकरी मुलांत लघुदृष्टी झपाट्याने वाढली, ती गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत. स्मार्टफोन तेव्हा कुणाच्या हातात नव्हता. ती मुलं अभ्यास करत होती, शिकवण्यांना जात होती आणि उघड्यावर फार थोडा वेळ असायची. पुढे चीनमधल्या ग्वांगझू शहरात एक मोठा प्रयोग झाला. काही शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर नेलं, बाकी शाळांचं वेळापत्रक होतं तसंच ठेवलं. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत नेहमीच्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, बाहेर जाणाऱ्यांत हे प्रमाण ३०.४ टक्के होतं. लख्ख उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामीन स्रवतं आणि ते नेत्रगोलाच्या वाढत्या लांबीला आवर घालतं, असं संशोधक मानतात. जवळून बघण्याचाही वाटा आहेच, आणि मोबाइल पुस्तकापेक्षा डोळ्यांच्या जास्त जवळ धरला जातो. पण संध्याकाळी पाच वाजता मुलाच्या हातातला फोन काढून त्याला ट्यूबलाइटखाली क्लासला बसवलं, तर त्याच्या डोळ्यांना काय मिळालं?

निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊन दिला की काम झालं, असं मानणारे पालकही पुष्कळ आहेत. अशा काचांमुळे स्क्रीनसमोर बसणाऱ्यांच्या डोळ्यांवरचा ताण कमी होत असल्याचं २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं नाही. टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे चुरचुरतात. त्याला महागड्या काचा लागत नाहीत, मधूनमधून लांब बघावं लागतं.

आता दुसरा, जास्त वजनदार आरोप: गेममुळे मुलं खेळायची थांबली. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वर्षांच्या मुलामुलींची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. रोज सरासरी तासभर दमछाक होईल अशी हालचाल या वयात हवी. २०१६ मध्ये ८१ टक्के मुलांना ती मिळत नव्हती. हा आकडा सगळीकडे छापून येतो. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा फारसा कुणी सांगत नाही. २००१ मध्ये मुलग्यांमध्ये हे प्रमाण ८०.१ टक्के आणि मुलींमध्ये ८५.१ टक्के होतं. म्हणजे पबजी तर सोडाच, साधा टचस्क्रीन फोन घरोघरी पोचण्याआधीच बहुतेक मुलं बसून होती. आणि गेमच्या आहारी जाण्याची तक्रार मुलग्यांबद्दल जास्त असते, तरी अंगमेहनतीच्या खेळाला जास्त मुकल्या त्या मुली. त्यांच्या हातून मैदान कोणत्या गेमने काढून घेतलं? शिकवणी, घरकाम, अंधाराची भीती आणि वयात आल्यावर घरच्यांनी घातलेली बंधनं, ही कारणं आपल्याला ठाऊक आहेत. ती मोबाइलच्या आड लपवणं मला अन्यायाचं वाटतं.

इथवर वाचून गेमचे पुरस्कर्ते खूश झाले असतील, तर त्यांच्याशीही माझं भांडण आहे. त्यांचा लाडका दाखला म्हणजे २००७ चा अमेरिकी अभ्यास. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणाऱ्या ३३ डॉक्टरांपैकी जे पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त गेम खेळत, त्यांनी सरावाच्या कसोटीत ३७ टक्के कमी चुका केल्या. अभ्यास खरा आहे, पण छोटा आहे. गेममुळे हात तयार झाला, की हात तयार असलेलेच गेमकडे वळले, हे त्यातून कळत नाही. आणि पडद्यावर बघून हात चालवण्याचं कौशल्य वाढलं, म्हणून हृदय, पोट आणि पाठ सुधारली असं होत नाही. ई-स्पोर्ट्सला आशियाई स्पर्धेत पदक मिळतं, ही बाब अभिमानाची असेल. शेवटच्या वर्तुळात चारच जण उरले की छातीत धडधडतं, ते मात्र उत्तेजनेमुळे. मांड्या आणि पोटऱ्या तेव्हा निजलेल्याच असतात, त्यामुळे त्याला व्यायाम म्हणता येत नाही. चालायला लावणाऱ्या पोकेमॉन गोचीही तपासणी झाली आहे. पहिल्या आठवड्यात खेळणाऱ्यांची पावलं रोज सरासरी ९५५ ने वाढली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत सगळी वाढ ओसरली.

जे नुकसान खरोखर गेमचं आहे, त्याकडे कुणाचं फारसं लक्ष नाही. बीजीएमआय चांगला खेळणारा मुलगा फोन कसा धरतो ते जवळ बसून पाहा. त्याला ती मुलं ‘क्लॉ’ म्हणतात. दोन्ही तर्जन्या आकड्यासारख्या वाकवून पडद्याच्या वरच्या कडेवर, एक नेम धरायला, एक गोळी झाडायला. अंगठे खाली, पळण्यासाठी आणि नजर फिरवण्यासाठी. फोनचं सगळं वजन उरलेल्या बोटांवर. ‘गायरो’ चालू असेल तर नेमासाठी मनगटंही सतत सूक्ष्म हलत राहतात. घाम येऊन बोट सरकू नये म्हणून बोटांना जाळीदार टोप्या. असं तास-दोन तास चाललं की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येते. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवलं आणि तिथे जोराची चमक आली, तर स्नायूबंधाला सूज असण्याची शक्यता आहे, आणि मग डॉक्टरला दाखवायलाच हवं. हे दुखणं नवं नाही. १९९० मध्येच एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात, सलग पाच तास निन्टेन्डो खेळून अंगठा दुखावलेल्या बाईंची हकीकत छापून आली होती. मूल हात दुखतो म्हणून सांगत नाही, कारण सांगितलं की फोन जाणार हे त्याला माहीत असतं. आपल्या सरसकट बंदीची ही किंमत आहे.

झोपेचंही तसंच. एक क्लासिक मॅच अर्ध्या तासापर्यंत जाते, ती मध्येच थांबवता येत नाही आणि उठलं तर स्क्वॉडमधले बाकीचे तिघं तोंडघशी पडतात. अशा वेळी आईने ‘ठेव आता तो फोन’ म्हणून ओरडण्यातून फक्त भांडण होतं. शेवटची मॅच किती वाजता सुरू करायची, हे दिवसाउजेडी ठरवावं, ते पाळलं जाण्याची शक्यता जास्त. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. ती तुटली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं, पोट भरल्याची जाणीव देणारं घटतं, आणि वजनाचा दोष पुन्हा एकट्या बसण्यावर जातो. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. रात्री मॅच खेळत जागतात ती आठवी-नववीची मुलं. त्यांच्यातली कितीतरी अजूनही सातच्या शाळेला धावतात.

सरकारी बंदीने हे सुटत नाही, हेही आपण पाहिलं. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइल बंद झाला, कारण होतं माहितीची सुरक्षितता. २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय म्हणून आला.

मुलाच्या शरीराला रोज तीन गोष्टी हव्यात: उजेड, दमछाक आणि पुरी झोप. त्या मिळाल्यावर उरलेल्या वेळात दोन मॅच खेळणाऱ्या मुलाला मी आजारी म्हणणार नाही. त्या मिळत नसतील, तर फोन कपाटात ठेवूनही ते मूल तसंच राहील. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण बंधनकारक केलं, पण जिथे ते आहे तिथेही शाळा सुटली की अनेकदा फाटकाला कुलूप लागतं. पालकसभेत मोबाइलबंदीचा ठराव येतो, तेव्हा त्याच सभेत ही किल्ली मागितली पाहिजे: मैदान रोज संध्याकाळी साडेपाच ते सात उघडं, दिवे चालू, आणि मुलींना हक्काने खेळता यावं म्हणून देखरेखीला एक जबाबदार बाई.