एका बांधीत दोन पिके, अर्जात एकच

भिलाई ज्यात आहे त्या दुर्ग जिल्ह्यात कापणीपूर्वी उभ्या धानात लाखोळी किंवा जवस फोकून पेरण्याची ‘उतेरा’ पद्धत रूढ आहे. काही आठवडे एकाच बांधीत दोन पिके असतात. सर्वेक्षणाच्या डिजिटल अर्जात मात्र एकच पर्याय निवडता येत असेल, तर धानाची नोंद होते आणि लाखोळी गळते. पुढे नुकसानभरपाई मागताना पुरावा उरत नाही. म्हणून पिकांच्या प्रश्नास चेकबॉक्सच हवा. कोणत्याही चौकटीत आधीच खूण नसावी, ‘इतर’साठी लिहिण्यास जागा असावी, ‘यांपैकी नाही’ निवडताच अन्य खुणा निघाव्यात. महाराष्ट्रात २०२१ पासूनच्या ई-पीक पाहणीत मिश्र पिकाची नोंद करता येते, हे अनुकरणीय आहे. अर्ज आखणाऱ्याने आधी बांधी पाहावी, मग चौकटी ठरवाव्यात.