मोबाईलातला पुरावा आणि कागदावरची पोच



गेल्या पावसाळ्यात वाडीतली एक ताई माझ्याकडे आली. मासळी सुकवण्याच्या कामाची तिची मजुरी ठेकेदाराने थकवली होती. "शिमग्याक देतंय" असे त्याने आपल्याच आवाजात व्हॉट्सॲपवर कळवले होते. ताई म्हणाली, "भाऊ, सगळा मोबायलात आसा!" पण तो मोबाईल मुलाने दुकानात देऊन नवा घेतला होता. हाती उरला फक्त एक स्क्रीनशॉट. आवाजाचे चित्र कोर्टात काय बोलणार?

या बाबतीत जालन्याचा खटला प्रत्येकाने समजून घ्यावा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तेथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. खोतकरांचा अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ च्या मुदतीनंतर आला, असे त्यांचे म्हणणे. आधार होता निवडणूक कार्यालयातल्याच कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा. चित्रणाच्या सीडी मिळाल्या, पण त्या खऱ्या असल्याचे प्रमाणपत्र अधिकारी देईनात. गोरंट्याल यांनी वारंवार मागणी केली, तरी ते मिळाले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. नक्कल दाखल करायची तर प्रमाणपत्र हवेच. तोंडी साक्षीने ते भागत नाही. मात्र मूळ मोबाईल मालकाने स्वतः कोर्टात आणून साक्ष दिली, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि ज्याने ते मिळवण्याचे सर्व प्रयत्न केले, त्याला दुसऱ्याच्या नकाराची शिक्षा नको. खोतकरांचे अपील फेटाळले गेले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. पहिला पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाईलचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसाच. फाईलमध्ये एक अक्षर बदलले तरी हा आकडा बदलतो.

तेव्हा एवढे कराच. वाद उभा राहिला की तो मोबाईल विकू नका, रिसेट करू नका. मूळ संदेश पुसू नका. संभाषण अर्धे कापून ठेवू नका. तारीख, वेळ, समोरच्याचा नंबर वहीत लिहा. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणून ते जपून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. इतकी वर्षे टेबलावर बसून मी एक शिकलो आहे. तोंडी विनंती कोणाच्या लक्षात राहत नाही, पोच मात्र फाईलला राहते.

वकिलाच्या खर्चाला भिऊन घरी बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जातींच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना मोफत वकील मिळतो. आपल्या जिल्ह्याचे विधी सेवा प्राधिकरण ओरोसला आहे. ताईचा अर्ज आम्ही तिथेच नेला आहे. ठेकेदाराने पाठवलेला आवाज बरोबर काम करणाऱ्या एका बाईच्या मोबाईलातही आला होता. तिला एवढेच सांगितले आहे, "बाय, ह्यो मोबाईल आता कोणाक देव नको."