गंगाजलाच्या शुद्धीकरणात मातीमिश्रित पडदा : उपयोग आणि मर्यादा

ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास उभारलेला वाराणसीचा शिंदे घाट बांधकामाच्या भाराने खचला आणि पुढे त्याची पुनर्बांधणी करावी लागली. शेजारचे रत्नेश्वर महादेव मंदिर आजही कललेले असून पावसाळ्यात त्यात पाणी व गाळ शिरतो. गंगेचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेपुढेही हाच गाळ उभा असतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराज येथील गंगाजल वेळोवेळी स्नानाच्या निकषात बसत नसल्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास कळविले. त्यानंतरच्या अहवालात मात्र ते स्नानयोग्य ठरविले. तथापि, स्नानासाठी १०० मिलिलिटर पाण्यात २,५०० पर्यंत मलजन्य जीवाणू चालतात. पिण्याच्या पाण्यात एकही चालत नाही.

ही दरी अल्ट्राफिल्ट्रेशनचे पडदे भरून काढू शकतात. पॉलिसल्फोनसारख्या पॉलिमरपासून बनणाऱ्या या पडद्यांची छिद्रे मायक्रॉनच्या शंभराव्या ते दहाव्या भागाइतकी असल्याने जीवाणू अडतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा पडद्यावर आधारित, विजेविना चालणारे शुद्धीकरण यंत्र विकसित केले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या क्षेत्रात संशोधन झाले आहे.

अडचण अशी की, हे पॉलिमर पाण्याला फारसे जवळ करत नाहीत. त्यामुळे सेंद्रिय मळ पृष्ठभागाला चिकटतो आणि पाण्याचा प्रवाह मंदावतो. यावर बेंटोनाइट मातीतील मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचा उपाय अभ्यासला जात आहे. त्याचे थर सुमारे एक नॅनोमीटर जाडीचे असतात. थरांमधील सोडियमच्या जागी सेंद्रिय अमोनियम संयुगे बसविली की ही माती पॉलिमरमध्ये समप्रमाणात पसरते. योग्य मात्रेत पडद्याची बळकटी, तसेच प्रवाह वाढल्याचे प्रयोगांत आढळले आहे. मात्रा वाढली, तर मातीच्या गुठळ्या होऊन पडदाच कमकुवत होतो. मिसळलेली संयुगे पाण्यात उतरत नाहीत ना, हेही तपासावे लागते.

गढूळ पाण्यात पडदा अधिक काळ टिकला, तर अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाचा खर्च वाचेल. त्यासाठी प्रयोगशाळेतील द्रावणाऐवजी पावसाळ्यातील नदीच्या पाण्यावर अनेक महिने चाचणी होणे आवश्यक आहे. मात्र विरघळलेले क्षार किंवा आर्सेनिक हा पडदा अडवीत नाही. गंगा कृती योजनेचा प्रारंभ १९८६ मध्ये वाराणसीतच झाला होता. सांडपाणी नदीत मिसळण्यापूर्वी त्यावर प्रक्रिया करण्याचे तेव्हाचे उद्दिष्ट घराघरांतील गाळणीमुळे गौण ठरत नाही.