नफा दुप्पट, पण पैसा कुठे आहे?

परवा मोंढ्यात एका ओळखीच्या आडत दुकानात बसलो होतो. मालकाच्या मुलाने मोबाइल पुढे केला. "काका, या कंपनीचा नफा वर्षात दुप्पट झालाय. घेऊन टाकू का?" मी विचारले, "विक्री किती वाढली?" ते त्याने पाहिले नव्हते. "येणे किती आहे?" तेही नाही. गंमत अशी की, हाच मुलगा मागच्या मालाचे पैसे आले का, हे वहीत बघितल्याशिवाय व्यापाऱ्याला सोयाबीनचे एक पोते उचलू देत नाही.

शेअर म्हणजे मुंबईचे काम, असे आपल्याकडे एकेकाळी म्हणत. आता खाते फोनवर उघडते आणि सेलू, मानवत, गंगाखेडची मुलेही समभाग घेतात. त्यात वाईट काही नाही. वाईट एवढेच की, तिमाही निकालातला नफ्याचा एक आकडा वाचून ती घेतात.

मी तरी हे कुठे फुकट शिकलो? बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीचा नफा तिप्पट झाल्याचे वाचले आणि मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून तिचे समभाग घेतले. पुढच्या तिमाहीत नफा पुन्हा पूर्वीच्या जागी आला, भावही कोसळला. मग निकालाखालची बारीक अक्षरातली टीप वाचली. कंपनीने कारखान्याची जुनी जमीन विकली होती! आमच्या सौभाग्यवतींनी एकाच वाक्यात निकाल लावला : "अहो, शेत विकून आलेल्या पैशाला कुणी पीक म्हणतं का?"

तेव्हापासून मी तक्ता वरून खाली वाचतो. आधी विक्री. मग 'इतर उत्पन्न' आणि 'अपवादात्मक बाबी', कारण जमीनविक्री असल्या रकान्यांतच दडलेली असते. नफा सगळ्यात शेवटी. तुलना करायची ती गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी. मानवतच्या एखाद्या जिनिंगची डिसेंबरातली उलाढाल जूनशी ताडून "धंदा वाढला" म्हणणाऱ्याला गावात कोणी शहाणा म्हणणार नाही. शिवाय मोठ्या कंपनीचे तक्ते दोन असतात, एक तिचा एकटीचा आणि एक उपकंपन्यांसह. दुसरा बघावा. थोरला कमावता आणि धाकटा कर्जात असेल, तर घराची खरी स्थिती एकत्र हिशेबातच कळते.

खरी मेख मात्र उधारीत आहे. माल विकला की पैसे हातात येण्याआधीच विक्री पुस्तकात चढते आणि तिच्याबरोबर नफाही. येणे विक्रीपेक्षा वेगाने वाढत असेल, तर नफा कागदावर आहे आणि पैसा गिऱ्हाइकाकडे. ताळेबंद आणि रोख प्रवाहाचे पत्रक मात्र आपल्याकडे दर तिमाहीला द्यावे लागत नाही. ते सहामाहीला आणि वर्षअखेरीला मिळते. म्हणून सप्टेंबर आणि मार्चअखेरचे निकाल अधिक निगुतीने वाचावेत. तिमाहीच्या आकड्यांचे लेखापरीक्षकाने केवळ मर्यादित अवलोकन केलेले असले तरी चालते. पूर्ण तपासणी वर्षाच्या हिशेबाचीच होते.

एवढे करूनही माणूस फसत नाही असे नाही. आपल्या जिल्ह्यातून किती मुले शिकायला, नोकरीला हैदराबादला जातात! तिथल्याच सत्यम कॉम्प्युटरचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबुली दिली. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीची विक्री २,७०० कोटी रुपये दाखवली होती, प्रत्यक्षात ती २,११२ कोटी होती. धंद्यातला नफा ६४९ कोटी दाखवला होता, खरा निघाला ६१ कोटी. रोख आणि बँकेतील शिल्लक म्हणून पुस्तकात ५,३६१ कोटी होते. त्यातले ५,०४० कोटी नव्हतेच. म्हणजे नफा सोडून रोख बघणाराही इथे ठकला. हिशेबावर लेखापरीक्षकाची सही असूनही!

मग सामान्य भागधारकाने काय बघावे? एक खूण उघड्यावर होती. प्रवर्तकांचा स्वतःचा वाटा वर्षानुवर्षे घटत दहा टक्क्यांच्याही खाली आला होता आणि समभागधारणेच्या तिमाही तक्त्यात तो कोणालाही दिसत होता. ज्याचे दुकान तोच माल काढून घेत असेल, तर गिऱ्हाइकाने दोन पावले मागे सरकावे. उरलेल्या समभागांवरही कर्ज काढलेले होते, पण ते तेव्हा जाहीर करण्याचे बंधन नव्हते. 'सेबी'ने ते त्याच महिन्यात, जानेवारी २००९ मध्ये, घातले. हा तक्ता निकालांपासून वेगळा असतो, त्यामुळे तो कोणी उघडत नाही. माझ्या मते निकालाइतकाच तो महत्त्वाचा आहे.

तिमाही निकाल द्यायला कंपनीला पंचेचाळीस दिवस मिळतात. आपण तो वाचायला पंचेचाळीस मिनिटेही देत नाही आणि पाच हजारांच्या मोबाइलसाठी चार दुकाने फिरतो.

त्या दिवशी मोंढ्यात आम्ही दोघांनी त्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. इंग्रजी जड होते, पण आकडे काही इंग्रजी नसतात. विक्री थोडीशी वाढली होती, येणे मात्र जवळजवळ दुप्पट. मुलगा काही बोलला नाही. त्याच्या वडिलांनीच वहीतून मान वर काढून विचारले, "किती दिवसांची उधारी आहे रे ती?"