सशाचा हिवाळा आणि माणसाची करमणूक

दिवाळी संपून थंडीला जोर चढू लागला की मराठी घरातील दिनक्रमाला निराळे वळण लागते. बाजारात मटार, ओला हरभरा, मुळा आणि तांबडी गाजरे यांचे ढीग दिसू लागतात. शेतावर हुरड्याचे बेत ठरतात. शाळांच्या सहली आणि स्नेहसंमेलने सुरू होतात. आणि संक्रांतीच्या तिळगुळाने या सुखाच्या ऋतूवर कळस चढतो. खाणे आणि करमणूक या दोहोंना हिवाळ्याइतका अनुकूल ऋतू महाराष्ट्रात दुसरा नाही. याच दिवसांत शहरांतील काही घरांत एक नवा पाहुणाही येतो. पांढराशुभ्र, लांब कानांचा, ओंजळीत मावेल एवढा ससा. तो भुंकत नाही, चावण्याची भीती थोडी आणि जागाही फारशी अडवत नाही, असा हिशोब केलेला असतो. मुलांचा हट्ट पुरवला जातो आणि चार दिवस घराची उत्तम करमणूक होते. या करमणुकीत खुद्द सशाचा वाटा कोणता, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो.

घरी येणारा हा ससा कोण, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. मराठीत माळरानावरचा ससा आणि पिंजऱ्यातला ससा यांना एकच शब्द आहे. त्यामुळे दोन्ही प्राणी एकच, असा समज सहज होतो. वस्तुतः रानातला भारतीय ससा बीळ खणत नाही. तो गवतात दबा धरून राहतो, आणि त्याची पिले जन्मतःच उघड्या डोळ्यांची व अंगावर लव असलेली असतात. वन्य प्राणी म्हणून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला संरक्षण आहे. तो पकडून पाळता येत नाही. दुकानात मिळणारा ससा हा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडील रानसशाचा पाळीव वंशज होय. तो जमिनीत बिळे खणून टोळीने राहणारा, पहाटे आणि तिन्हीसांजेला चरावयास बाहेर पडणारा प्राणी आहे. शतकानुशतकांच्या पाळीवपणामुळे त्याचा रंग आणि आकार बदलला. परंतु पोट, दात आणि स्वभाव बदललेला नाही. चौथ्या मजल्यावरील सज्जात ठेवलेला ससाही अंतर्यामी बिळाचाच रहिवासी असतो.

त्याच्या खाण्याविषयीचे अज्ञान तर फारच व्यापक आहे. ससा म्हणजे गाजर, हे समीकरण चित्रपुस्तकांनी आणि व्यंगचित्रपटांनी मुलांच्या मनावर इतके पक्के ठसवले आहे की हिवाळ्यात गाजरे स्वस्त झाली की सशापुढे त्यांची रास पडते. गाजर हे मुळात साखरेचा अंश असलेले कंद. एखादा लहान तुकडा सशाने आवडीने खाल्ला तर बिघडत नाही, परंतु ते त्याचे जेवण नव्हे. त्याचे जेवण गवत, आणि तेही मुख्यतः वाळलेले. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात तर वर्षाकाठी सुमारे १० सेंटिमीटरपर्यंत वाढतात. गवतातील चिवट तंतू तासन्‌तास चघळण्यानेच ते झिजतात. मऊ अन्नावर वाढलेल्या सशाच्या दाढांना टोके येतात, त्यांनी जीभ आणि गाल सोलवटतात, आणि समोर अन्न असूनही प्राणी उपाशी राहतो. धनी मात्र म्हणत असतो की, हल्ली हा फार नखरे करतो.

पोटाची गोष्ट दातांहून नाजूक आहे. सशाच्या आतड्यात अंधांत्र नावाची मोठी पिशवी असते. तिच्यातील सूक्ष्म जीव गवत आंबवतात आणि त्यातून सत्त्व निघते. हे सत्त्व मऊ गोळ्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि ससा ते लगेच पुन्हा खातो. पाहणाऱ्याला ही घाणेरडी खोड वाटते, पण ती त्याच्या पचनव्यवस्थेची दुसरी फेरी आहे. ही चक्की अखंड चालू राहावी लागते. बिस्किटे, पाव, पोहे, भात, तिळगूळ असे पिठूळ व गोड पदार्थ पोटात गेले की तिच्यातील समतोल ढासळतो. सशाला ओकताही येत नाही. जे आत गेले ते पुढेच सरकावे लागते. निरोगी दिसणारा ससा अर्धा दिवस काहीच खात नाही आणि त्याच्या लेंड्या थांबतात, तेव्हा ती उद्यावर ढकलण्याची बाब नसते. त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा लागतो. घरातील औषधांच्या डब्यातली गोळी देणे हा तर घातक उद्योग आहे. माणसाला नित्य दिली जाणारी पेनिसिलिन जातीची औषधे तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपकारक जीव मरतात आणि त्यांच्यामागोमाग ससाही.

वस्तुतः हिवाळा हा सशाला खाऊ घालण्याचा सर्वांत सोपा ऋतू आहे. पावसाळ्यानंतर कापलेले डोंगरउतारावरचे गवत या दिवसांत वाळून तयार असते. गोठे असलेल्या गावांत आणि शहरांच्या कडेला ते मिळू शकते. बुरशी न लागलेले असे गवत दिवसरात्र सशासमोर असावे. त्याच्या जोडीला मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा व गाजराचा पाला, आणि फवारणी न झालेली हरळी असली म्हणजे पुरे. एरवी कचऱ्यात जाणारा गाजराचा पाला हा गाजरापेक्षा त्याच्या अधिक हिताचा, हे भाजी निवडणाऱ्या गृहिणीने जरूर ध्यानात ठेवावे. गुरांसाठी पिकवला जाणारा लसूणघास पौष्टिक खरा; वाढत्या पिलांना तो चालतो, परंतु त्यातील चुन्याचे प्रमाण मोठे असल्याने पुऱ्या वाढलेल्या सशाचा तो मुख्य आहार होऊ नये. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला आणि चॉकलेट या गोष्टी तर त्याच्या वाऱ्यालाही उभ्या करू नयेत. पाण्याचे भांडे जड असावे आणि पाणी रोज बदललेले असावे. या यादीत महाग असे काहीच नाही. लागते ते केवळ रोजचे लक्ष.

थंडीविषयीही असाच उलटा समज आढळतो. ससा कुडकुडेल म्हणून त्याला कोंदट खोक्यात घालणारे आहेत, आणि रविवारची कोवळी उन्हे पडली म्हणून त्याला साबण लावून न्हाऊ घालणारेही आहेत. दाट लोकरीचे अंग असलेल्या सशाला कोरडी थंडी सोसते. १५ ते २० अंशांच्या आसपासचे तापमान त्याला उत्तम मानवते. निफाडसारख्या ठिकाणी पारा एक अंकी आकड्यावर उतरतो, तेव्हाही वाऱ्याच्या झोतापासून आडोसा आणि बसावयास वाळलेल्या गवताची जाड गादी एवढी व्यवस्था निरोगी सशाला बहुधा पुरते. त्याचा वैरी ओलावा आहे. भिजलेली लोकर लवकर वाळत नाही, तिच्यामुळे अंगातील ऊब जाते, आणि न्हाण्याच्या धास्तीनेच त्याचा जीव अर्धा होतो. स्वतःचे अंग तो स्वतःच मांजरासारखे चाटून स्वच्छ ठेवतो. त्याच्या पिंजऱ्याची तळजाळी मात्र माणसानेच झाकावयास हवी, कारण त्याच्या तळपायांना कुत्र्या-मांजरांसारख्या गाद्या नसतात आणि तारेवर बसून त्यांना जखमा होतात.

करमणुकीच्या बाबतीत माणूस आणि ससा यांच्यातील अंतर सर्वांत अधिक जाणवते. माणसाची करमणूक सशाला उचलण्यात, कवटाळण्यात, उताणे निजवण्यात आणि अलीकडे मोबाइलवर त्याची चित्रे टिपण्यात असते. सशाला उचलणे म्हणजे त्याच्या अनुभवात ससाणा किंवा कोल्हा. त्याची हाडे हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू बळकट, यामुळे हातात धडपडताना त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. उताणा केल्यावर तो निपचित पडतो, त्याला लोक लाडाने झोपला असे म्हणतात. प्रत्यक्षात ती शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेल्या प्राण्याची गोठलेली भीती असते. कान धरून उचलण्याची रीत तर निव्वळ क्रूरपणाची होय. ससा ओरडत नाही म्हणून त्याला दुखत नाही, असा निष्कर्ष काढला जातो. मुक्या जिवाचे मौन ही संमती समजण्याची माणसाची सवय जुनी आहे.

सशाची करमणूक निराळी आहे आणि ती त्याच्या अन्नापासून वेगळी काढता येत नाही. चघळणे, हुंगणे, खणणे आणि धावणे हेच त्याचे जेवण, हेच त्याचे नाटक आणि हाच त्याचा खेळ. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन बाजूंनी दारे पाडली की त्याला बीळ मिळते; गवतात मेथीच्या चार काड्या लपवल्या की शोध घेण्याचे सुख मिळते; पेरूची डहाळी दातांना काम देते; मातीने भरलेले घमेले खणण्याची हौस भागवते. पहाटे आणि दिवेलागणीला, विजेच्या तारा उचलून ठेवलेल्या खोलीत, त्याला दोन-तीन तास मोकळे सोडावे आणि स्वतः जमिनीवर स्वस्थ बसावे. सशाला सभोवारचे जवळजवळ सगळे दिसते, पण नेमके नाकासमोरचे दिसत नाही. म्हणून हात समोरून न नेता बाजूने न्यावा. काही दिवसांनी तो आपण होऊन जवळ येतो, हनुवटी घासून माणसावर आपल्या मालकीची खूण करतो, आणि एखाद्या संध्याकाळी काही कारण नसताना हवेत उडी घेऊन अंगाला पीळ देतो. त्या उडीत सशाचा आनंद असतो. ती विकत मिळत नाही, सांगून करवता येत नाही. धीर धरणाऱ्यालाच ती पाहावयास मिळते.

प्राणी पाळल्याने मुलांत दया आणि जबाबदारी वाढीस लागते, असे पालक सांगतात. हे म्हणणे खोटे नाही, पण ते आपोआप खरेही ठरत नाही. मुलाने हट्ट करावा, बापाने पैसे मोजावेत, आईने पिंजरा धुवावा आणि प्राण्याने सोसावे, अशी वाटणी असलेल्या घरात मूल दया शिकत नाही. जिवंत वस्तूही विकत घेऊन कंटाळा आल्यावर टाकता येते, एवढेच ते शिकते. शाळांतूनही एखाद्या वर्गाची शोभा म्हणून ससा आणला जातो. नाताळच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला घरी कोण नेणार, हे शिक्षकांनी तो आणण्यापूर्वीच ठरवावयास हवे. नीट सांभाळलेला ससा ८ ते १२ वर्षे जगतो. चौथीतील मुलासाठी आणलेला ससा ते मूल महाविद्यालयात जाईपर्यंत घरात असू शकतो, याचा हिशोब खरेदीच्या वेळी होत नाही. नर-मादीची जोडी आणली तर हिशोब आणखीच वाढतो: गर्भकाळ अवघा ३१ दिवसांचा, आणि मादी विताच पुन्हा गाभण राहू शकते. जोडी ठेवावी हे सशाच्या टोळीप्रिय स्वभावास धरूनच आहे. पण पशुवैद्याकडून शस्त्रक्रिया करून घेण्याची तयारी नसेल तर तिच्यापासून अनर्थ ओढवतो.

खरी कसोटी हिवाळा संपल्यावर लागते. थंडीच्या दिवसांत घेतलेला ससा चार महिन्यांत वैशाखवणव्याला तोंड देणार असतो. सशाला घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. तापमान ३० अंशांच्या पुढे गेले की तो कासावीस होऊ लागतो, आणि विदर्भ-मराठवाड्यातील मे महिना ४० अंशांच्याही वर जातो. पत्र्याखालच्या पिंजऱ्यात अशा दुपारी काय होते, ते सांगण्याची गरज नाही. वाळ्याचा पडदा, ओल्या फरशीचा गारवा, पंखा, गोठवलेल्या पाण्याची बाटली यांची सोय ज्या घरात होणार नाही, त्या घराने जानेवारीतला मोह आवरावा. काही जण अशा वेळी ससा टेकडीवर किंवा बागेत सोडून देतात आणि त्याला मुक्त केल्याचे समाधान मानतात. रानाची ओळख नसलेला हा प्राणी कुत्र्यांच्या तोंडी जातो. शिकाऱ्याने पिटाळलेल्या सशाची जी दशा होते तिला मराठीत ससेहोलपट म्हणतात. इथे ती घरच्याच माणसांनी केलेली असते.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाने अपुरे अन्नपाणी देणे, हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे आणि पाळलेला प्राणी टाकून देणे हे गुन्हे ठरवले आहेत. २०१८ च्या नियमांनी पाळीव प्राण्यांच्या दुकानांना राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली आहे. ग्राहकाने दुकानात शिरताना नोंदणीपत्र पाहावयास मागितले आणि रस्त्याकडेला टोपलीत विकली जाणारी, आईपासून अवेळी तोडलेली पिले घेण्याचे नाकारले, तरी पुष्कळ साधेल. परंतु घराच्या चार भिंतींत कायद्याचा शिपाई उभा राहत नाही. तेथे घरातल्यांनाच जागे राहावे लागते.

जातककथांत एका सशाची गोष्ट आहे. दारी आलेल्या याचकाला काय द्यावे, असा त्याला प्रश्न पडला. आपण गवत खातो, पण माणसाला गवत देता येत नाही. आणि तीळ-तांदूळ तर आपल्याजवळ नाहीत, हे त्याने ओळखले. म्हणून त्याने स्वतःचा देहच अग्नीत टाकावयास काढला. त्याच्या या दानाची खूण म्हणून इंद्राने चंद्रावर सशाचे चित्र रेखले, अशी ती कथा आहे. संस्कृतात चंद्राला शशांक म्हणतात. या कथेतील त्यागाची थोरवी सर्वांना दिसते. त्याआधीचा साधा विचार मात्र नजरेतून निसटतो. पाहुण्याचे अन्न आपल्या अन्नाहून वेगळे असते, एवढे त्या सशाला कळले होते. आज ससा माणसाच्या दारी पाहुणा म्हणून आला आहे. त्याच्यापुढे तीळ-तांदूळ ठेवण्यापूर्वी माणसाने तेवढाच विचार केला आणि मूठभर गवत आणून ठेवले, तरी त्या पाहुण्याचा सत्कार झाला असे म्हणता येईल.