स्वभाव : डाउन टू अर्थ

हल्ली रिश्त्यासाठी हातात येणारा कोणताही बायोडाटा उघडा. नाव, शिक्षण, उंची, वडिलांचा व्यवसाय, भाऊ-बहिणी, मामांचे गाव. मग 'स्वभाव' असा रकाना आणि त्यात तीन इंग्रजी शब्द : डाउन टू अर्थ. मुलगा पुण्यात इंजिनिअर असो की मिरजेत त्याचे हार्डवेअरचे दुकान असो, मुलगी डी. एड. झालेली असो की डॉक्टर, स्वभाव मात्र सगळ्यांचा एकच!

आमचे या शब्दांशी वैर नाही. इंग्रजीत त्यांचा अर्थ चांगलाच आहे. हवेत इमले न बांधणारा, व्यवहार कळणारा, बडेजाव न मिरवणारा माणूस. आपल्याकडे येईपर्यंत त्यातला व्यवहार गळाला आणि नम्रता तेवढी उरली. मराठीत आपण 'त्याचे पाय जमिनीवर आहेत' म्हणतोच. उर्दूतला 'खाकसार'ही मातीतलाच; खाक म्हणजे धूळ. इतकेच काय, इंग्रजीत नम्र माणसाला 'हम्बल' म्हणतात, त्या शब्दाचे लॅटिन मूळही जमिनीशीच जाऊन भिडते.

पण खाकसार हा शब्द माणूस स्वतःसाठी वापरतो, आणि वापरताना स्वतःला लहान करतो. डाउन टू अर्थ ही दुसऱ्याने करायची तारीफ आहे. आपल्याच कागदावर ती आपणच लिहिली की 'मी फार नम्र आहे' असे सांगण्यासारखे होते, आणि असे सांगणाऱ्याविषयी आपण घरी जाऊन काय बोलतो ते सर्वांना ठाऊक आहे.

याच रकान्यातला दुसरा लाडका शब्द 'होमली'. आपल्याकडे त्याचा अर्थ घरात रमणारी मुलगी. ब्रिटनमध्ये तो घरासारख्या साध्या, उबदार जागेला लावतात. अमेरिकेत मात्र होमली म्हणजे दिसायला बेताची! शिकागोच्या स्थळाला बायोडाटा पाठवणाऱ्या अम्मी-अब्बांनी एवढे ध्यानात ठेवावे.

हे झाले भाषेचे. आम्हांला खटकते ते वेगळेच. मुलाच्या कागदावर डाउन टू अर्थ म्हणजे 'पगार चांगला आहे, तरी गर्व नाही'. मुलीच्या कागदावर त्याच शब्दांचा अर्थ लोक घेतात, 'काही मागणार नाही, सगळे निभावून नेईल'. वेगळी खोली मागणार नाही, नोकरीचा हट्ट धरणार नाही, माहेरी जायचे म्हणणार नाही. महरची गोष्ट निघाली की हाच शब्द पुन्हा कामाला येतो : मुलगी साधी आहे, रकमेवर कशाला अडायचे? महर हा मुलीचा हक्क. तो तिने कमी घ्यावा की जास्त, हे तिने खुशीने ठरवायचे. एका इंग्रजी विशेषणाने तिच्या वतीने ठरवून टाकायचे नाही.

आणि मुलाकडचे काय कळले? काहीच नाही. राग आला की तो काय करतो, कर्ज किती आहे, आईशी आणि दुकानातल्या पोऱ्याशी कसा बोलतो, यातले त्या तीन शब्दांत काहीही नाही.

हजरत उमर (रजि.) यांची एक रिवायत आपण वाजमध्ये अनेकदा ऐकली असेल. एकाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी विचारले : तू त्याचा शेजारी आहेस का? त्याच्यासोबत प्रवास केलास का? पैशांचा व्यवहार केलास का? तिन्हींना 'नाही' असे उत्तर आले, तेव्हा ते म्हणाले की मग तू त्याला ओळखतच नाहीस. रिश्त्याच्या चौकशीला यापेक्षा चांगले प्रश्न आम्हांला तरी सुचलेले नाहीत. शेजाऱ्याला विचारा, हॉस्टेलात सोबत राहिलेल्याला विचारा, ज्याच्याकडून मुलाने उसने घेतले असेल त्याला तर नक्कीच विचारा. आपल्याकडे चौकशी होते ती बहुधा मुलाच्या फुफीला फोन करून. फुफी काय वाईट सांगणार?

बायोडाटा लिहिणाऱ्यांनाही थोडे सांगायचे आहे. स्वभावाच्या रकान्यात विशेषण नको, वागणे लिहा. 'नोकरी सुरू ठेवायची आहे, पगारातून धाकट्या भावाची फी भरते' हे लिहिले की मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते. 'कमी बोलतो, लवकर मिसळत नाही' असे लिहायला धीर लागतो, पण ज्या घराला बोलका जावई हवा आहे ते घर वेळीच थांबेल. दोन्हीकडचा चहा-नाश्ता वाचेल, आणि मुलीला चारदा ट्रे घेऊन बाहेर यावे लागणार नाही.

मागे एक कागद आमच्या पाहण्यात आला. मुलाने स्वतःच्या हाताने लिहिले होते : 'स्वयंपाकात फक्त खिचडी आणि अंडी येतात. मोटारसायकलचे सहा हप्ते बाकी आहेत. अब्बा आजारी असतात, त्यांच्याजवळ राहायचे आहे, म्हणून बदलीचे गाव घेणार नाही.' डाउन टू अर्थ हे शब्द त्यात कुठेच नव्हते.