प्रशिक्षक मिळाला, परंपरा कधी?

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने भारताच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांच्या नावाची घोषणा केली. क्रिकेटच्या गदारोळात ही वार्ता अनेकांच्या नजरेतून निसटली असेल. तथापि तिचा अर्थ क्रीडांगणापुरता मर्यादित नाही. या एका पदासाठी महासंघाकडे सुमारे १७० अर्ज आले होते. अंतिम तीन नावांत जमील यांच्यासमवेत इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाईन आणि स्लोव्हाकियाचे तार्कोविच हे होते. त्यापूर्वी एक प्रहसनही घडून गेले. झावी आणि पेप गार्डिओला या जगद्विख्यात प्रशिक्षकांनी भारतासाठी अर्ज केल्याचे वृत्त पसरले, त्यावर चर्चा झडल्या आणि अखेरीस ते अर्ज बनावट असल्याचे महासंघाला जाहीर करावे लागले. कुणा खोडकराची ती थट्टा होती. परंतु या थट्टेने आपल्या मनाचा एक कोपरा उघडा पाडला. बाहेरून कुणी जादूगार येईल आणि आपला उद्धार करील, ही आशा आपण अजूनही सोडलेली नाही.

जमील यांची निवड या आशेला छेद देणारी होती. २०१२ साली गोव्याचे सावियो मेदेरा पायउतार झाल्यानंतर तब्बल १३ वर्षे राष्ट्रीय संघाची सूत्रे पूर्णवेळ भारतीय प्रशिक्षकाच्या हाती गेली नव्हती. जमील हे मुंबईच्या फुटबॉलमध्ये घडलेले. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून ते खेळले. २००९ ते २०१६ अशी सात वर्षे त्यांनी ‘मुंबई एफसी’ या बेताच्या साधनसामग्रीच्या संघाला सांभाळले. पुढे २०१७ साली मिझोरममधील ऐजॉल या छोट्या क्लबला त्यांनी आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. ईशान्य भारतातील क्लबने राष्ट्रीय पातळीवरील लीग जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग. इंडियन सुपर लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून कायम नियुक्ती मिळालेले पहिले भारतीयही तेच. पायरी पायरीने वर चढलेल्या माणसाला देशाने सर्वोच्च पायरीवर बसविले, याचे स्वागत करण्यास कुणाचाच प्रत्यवाय नसावा.

आरंभही उत्साहवर्धक झाला. मध्य आशियाई देशांच्या ‘काफा’ चषकात भारताने यजमान ताजिकिस्तानला २-१ असे नमविले आणि ओमानवर पेनल्टी शूटआउटमध्ये मात करून तिसरे स्थान पटकावले. ‘आम्ही म्हणत नव्हतो?’ असे म्हणत अनेकांनी पाठ थोपटून घेतली. ऑक्टोबरमध्ये मडगावच्या मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे हरविले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे द्वार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशाकडूनही पराभव पदरी आला. लगेच सूर पालटला. ‘शेवटी देशी ते देशीच,’ अशी कुजबूज सुरू झाली.

हे दोन्ही सूर सारखेच उथळ आहेत. परदेशी प्रशिक्षकांच्या हाताखाली तरी कोणता चमत्कार घडला होता? क्रोएशियाचे इगोर स्टिमॅक यांच्या कारकिर्दीत, २०२४ च्या जानेवारीतील आशियाई चषकात, भारत तिन्ही सामने हरला आणि त्याला एकही गोल करता आला नाही. त्यांना दूर करताना महासंघाला भरपाईही मोजावी लागली. त्यांच्यानंतर आलेले स्पेनचे मानोलो मार्केझ आठ सामन्यांत एकच विजय मिळवू शकले आणि २०२५ च्या जुलैत जागतिक क्रमवारीत भारत १३३ व्या स्थानी घसरला. म्हणजे प्रशिक्षकाचे पारपत्र बदलले, तरी निकाल बदलला नाही. कारण दोष शिखरावर नाही, पायात आहे. हे समजून घेण्यासाठी दिल्लीतील महासंघाच्या कचेरीपेक्षा रायगडच्या किनाऱ्यावर दृष्टी टाकणे अधिक उपयुक्त ठरेल.

या किनाऱ्याला परकीय तज्ज्ञांचा प्रश्न नवा नाही. शिवछत्रपतींनी आरमाराचा संकल्प सोडला, तेव्हा जहाजबांधणीच्या कामी पोर्तुगीज कारागीर नेमले होते. १६५९ च्या सुमारास रुय लैतांव व्हियेगस हा त्यांचा प्रमुख कल्याण-भिवंडीच्या खाडीत काम करीत होता. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना या आरमाराचा धोका जाणवताच त्यांनी आपल्या माणसांना फितविले आणि ते कारागीर काम टाकून निघून गेले. तज्ज्ञ गेले, पण आरमार थांबले का? थांबले नाही, कारण या खाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या होड्या हाकणारे कोळी आणि भंडारी येथेच होते. अवघ्या २० वर्षांनी, १६७९ साली, थळच्या समोर खांदेरी बेटावर महाराजांनी तटबंदी आरंभिली. इंग्रज आणि सिद्दी या दोघांनाही ती रोखता आली नाही. समुद्रावर मायनाक भंडारी आणि दौलतखान हे महाराजांचेच सरदार उभे होते. परक्याकडून विद्या घेण्यात कमीपणा नसतो, हा धडा महाराजांनी दिला. मात्र परका उठून गेल्यावर हात रिकामे राहू नयेत, हा त्याच धड्याचा उत्तरार्ध आहे.

फुटबॉलमध्ये आपण पूर्वार्ध गिरविला आणि उत्तरार्ध विसरलो. मुंबई सिटी या क्लबचेच उदाहरण घ्या. २०१९ साली मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या समूहाने या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. स्पेनचे सर्जिओ लोबेरा, इंग्लंडचे डेस बकिंगहॅम आणि चेक प्रजासत्ताकाचे पेत्र क्रात्की असे प्रशिक्षक एकामागून एक आले. त्यांनी यशही मिळवून दिले. ते नाकारण्याचा कोतेपणा आम्ही करणार नाही. परंतु २०२५ साली महासंघ आणि लीगचे व्यावसायिक भागीदार यांच्यातील करार रखडला, नवा हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात परदेशी समूहाने आपला हिस्सा सोडून काढता पाय घेतला. व्यापारी हिशेबाने त्यांचे चुकले, असे म्हणता येणार नाही. आपण स्वतःला विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. या सहा वर्षांत मुंबईच्या खाडीपलीकडच्या उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या टापूत प्रशिक्षक म्हणून उभी राहू शकतील अशी किती माणसे तयार झाली?

याच टापूत कबड्डीचे चित्र पाहा. अलिबाग, पेण, रोहे या तालुक्यांत गावागणिक मंडळ आहे, मंडळाचे मातीचे मैदान आहे आणि त्या मैदानाच्या कडेला उभा राहून पोरांच्या पकडीतील चूक सांगणारा कुणी जुना खेळाडू आहे. त्याला पगार नाही, प्रमाणपत्र नाही. पण गावात मान आहे. ही अखंड साखळी महाराष्ट्रभर होती, म्हणूनच कबड्डीत आपण जगाला गुरू देऊ शकलो. नाशिकच्या शैलजा जैन यांना इराणने आपल्या महिला संघाच्या प्रशिक्षक म्हणून नेमले आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या शिष्यांनी अंतिम सामन्यात भारतालाच २७-२४ असे हरवून सुवर्णपदक नेले. तो पराभव झोंबला; पण त्या पराभवातही महाराष्ट्राच्या मातीतील विद्येचा विजय होता. इराणने परदेशी गुरू स्वीकारताना संकोच केला नाही, कारण त्याला विद्या आपल्या देशात मुरवायची होती.

क्रिकेटचा दाखला तर याहून ताजा. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडागारात भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांना खेळाडू म्हणून भारताकडून कधीही खेळण्याची संधी मिळाली नव्हती. तरीही मुंबईच्या मैदानांनी आणि रणजीच्या दीर्घ तपश्चर्येने त्यांच्यातील शिक्षक घडविला होता. आकाशातून अवतरलेला प्रशिक्षक कुठेच नसतो. तो शेकडो अनामिक प्रशिक्षकांच्या खांद्यावर उभा असतो.

फुटबॉलमध्ये हे खांदे आपण उभे केले नाहीत. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भरला, त्याचे काही सामने नवी मुंबईत झाले. त्यानिमित्त १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य शासनाने ‘मिशन वन मिलियन’ हा उपक्रम राबविला. शाळाशाळांतून चेंडू दिले गेले आणि एका दिवशी राज्यभरातील मुले मैदानात उतरली. संकल्पना स्तुत्य होती. पण चेंडू दिला आणि शिकविणारा दिला नाही, तर तो चेंडू कपाटात जातो, हे सांगण्यासाठी ज्योतिषाची आवश्यकता नाही. ओहोटीच्या वेळी अलिबाग-मुरूडच्या ओल्या वाळूवर मुले फुटबॉल खेळतात, ती कुणी सांगितले म्हणून खेळत नाहीत. त्यांच्यात जोम आहे, वेग आहे. त्यांच्याजवळ उभा राहून ‘पाय असा ठेव’ असे सांगणारा माणूस तेवढा नाही.

साधने नाहीत, ही सबब आता चालणार नाही. रायगड जिल्ह्यातच, खारघर येथे, सिडकोने फुटबॉलचे उत्कृष्टता केंद्र उभारले आहे. उरणला ओएनजीसीचा प्रकल्प आहे, न्हावा-शेव्याला बंदर आहे, थळला आरसीएफचा खतकारखाना आहे. ओएनजीसीने तर एकेकाळी आय-लीगमध्ये आपला संघ उतरविला होता. प्रशिक्षकांच्या परवान्याच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. ‘डी’पासून ‘ए’ आणि त्यापुढे ‘प्रो’पर्यंत. जमील याच पायऱ्यांनी वर गेले. प्रश्न एवढाच की, किनाऱ्यावरील एखाद्या माध्यमिक शाळेतील क्रीडाशिक्षकाला पहिली पायरी चढण्यासाठी रजा, शुल्क आणि प्रवासखर्च कोण देणार? या उद्योगांनी आपल्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून दरवर्षी प्रत्येक तालुक्यातील दोन-चार शिक्षकांचा भार उचलला, जिल्हा संघटनेने अभ्यासक्रम मुंबईत न भरविता अलिबागला भरविले आणि खारघरच्या केंद्राची दारे या शिक्षकांसाठी सुटीत उघडली, तर दहा वर्षांत चित्र पालटू शकेल. यासाठी नवा कायदा नको, नवी समितीही नको.

आपल्या घरांतही थोडे आत्मपरीक्षण व्हावयास हवे. मुलगा खेळला, तर आपण कौतुक करतो. मोठेपणी मी खेळ शिकविणार असे तो म्हणाला, की घरात चिंतेचे सावट पसरते. डॉक्टर, अभियंता, संगणकतज्ज्ञ या यादीत प्रशिक्षकाला आपण स्थान दिलेले नाही. आणि तरीही गुरुपरंपरेचा अभिमान आपण सांगतो! भारतीय फुटबॉलचे सुवर्णयुग ज्यांनी घडविले, ते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ अशी दोनदा आशियाई सुवर्णपदके मिळविली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले. १९६३ साली ते गेले. त्यांच्यामागे त्यांची विद्या जपणारी व्यवस्था आपण उभारली नाही आणि आशियाई स्पर्धेतील सुवर्ण पुन्हा कधी हाती लागले नाही.

जमील यांच्या नेमणुकीकडे म्हणूनच जयपराजयाच्या पलीकडे जाऊन पाहावयास हवे. स्वदेशी म्हणजे केवळ खुर्चीवर आपला माणूस बसविणे, असा अर्थ घेतला, तर दोन पराभवांनंतर तो माणूस एकटा पडतो आणि पुन्हा परदेशी अर्जांचा गठ्ठा उघडला जातो. स्वदेशी म्हणजे त्या खुर्चीपर्यंत पोहोचू शकतील अशी शंभर माणसे सतत तयार करीत राहणे. त्यांतला एक अपयशी ठरला, तर दुसरा सिद्ध असेल. आणि कधी परदेशी तज्ज्ञ आणावासा वाटला, तर त्याच्याकडून शिकून घेणारे हातही सिद्ध असतील. खांदेरीच्या तटाची पायाभरणी अशाच हातांनी केली होती. तो तट आजही थळच्या किनाऱ्यावरून दिसतो. त्याच किनाऱ्यावर चेंडूमागे धावणाऱ्या मुलांना त्यांचा पहिला प्रशिक्षक मिळवून देणे, हे महासंघाचे काम असेल तेव्हा असो. आज ते आपले काम आहे.